नोंदवहीत नसलेले नुकसान

हैदराबादला नवा साज चढतो आहे. शहराच्या दक्षिणेस, रंगारेड्डी जिल्ह्यातील कोंगर कलान येथे २०२३ सालच्या मे महिन्यात तैवानच्या फॉक्सकॉन उद्योगसमूहाच्या कारखान्याची पायाभरणी झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातच २५ हजार जणांना काम मिळेल असे मोठ्या थाटात जाहीर करण्यात आले. याच बाजूच्या माळावर २००६ साली ‘फॅब सिटी’ची घोषणा झाली होती. सिलिकॉनच्या चकत्या घडविणारा तो कारखाना कागदावरच विरून गेला, परंतु दूरचित्रवाणी संच आणि मोबाईल जुळविणारे उद्योग मात्र तेथे आले. त्याही आधी, अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली १९६७ साली स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने डॉ. ए. एस. राव यांच्या नेतृत्वाखाली या शहराची या उद्योगाशी सोयरीक जुळवून दिली होती. निवडणुकीतील मतदानयंत्रे ज्या दोन सरकारी कंपन्यांत तयार होतात त्यांपैकी एक हीच. तेव्हा हैदराबादच्या या नव्या भाग्योदयाबद्दल असूया बाळगण्याचे आम्हांस काहीच कारण नाही. रोजगार हवा आहे, आणि तो शेतातल्या मजुरीपेक्षा बऱ्या वेतनाचा असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु हे काम कोणाच्या हातांनी होणार, हा प्रश्न पायाभरणीच्या भाषणांत विचारला जात नसतो. या धंद्याचा जगभरचा इतिहास पाहिला तर उत्तर स्वच्छ आहे. जुळवणीच्या पट्ट्यांवर बसतात त्या बहुसंख्येने अठरा ते पंचवीस वर्षांच्या मुली. मलेशियाने १९७० नंतरच्या दशकात परदेशी भांडवलदारांना बोलावताना पौर्वात्य स्त्रीच्या चपळ बोटांची जाहिरातच केली होती. आपल्याकडे १९७३ साली अंधेरीला सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले ‘सीप्झ’, सुरू झाले, तेव्हा तेथेही तरुण स्त्रियांचाच भरणा मोठा होता. बोटे चपळ असतात हे कारण सांगण्यापुरते. मुलगी मुकाट्याने काम करते, संघटना करीत नाही आणि लग्न झाले की आपणहून निघून जाते, हे खरे कारण. मालकाला तिची बोटे हवी असतात. मात्र त्या बोटांबरोबर कारखान्याच्या दारातून एक संपूर्ण शरीर आत येते, त्याला मासिक धर्म असतो, त्याच्या पोटी उद्याची पिढी असते, याचा विचार करण्यास कोणासही सवड नसते.

या उद्योगाची ख्याती ‘स्वच्छ उद्योग’ अशी. धुराडे नाही, काळा धूर नाही, भट्टीची धग नाही. पांढराशुभ्र अंगरखा, डोक्यावर टोपी, तोंडावर पट्टी, आणि वातानुकूलित दालन. हे चित्र पाहून कोणत्याही आईबापांना वाटावे की आपली मुलगी इस्पितळात परिचारिका झाली. पण या स्वच्छतेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आमच्याकडे देवघरात सोवळे नेसून जातात ते देवाला विटाळ होऊ नये म्हणून. जाणाऱ्याच्या प्रकृतीसाठी नव्हे. सिलिकॉनच्या कारखान्यातील हे सोवळेही तसेच आहे. मुलीच्या केसांतला कोंडा आणि कातडीचे कण चकतीवर पडून ती नासू नये, एवढ्यासाठी तो अंगरखा असतो. दालनातील हवा गाळण्यांतून पुनःपुन्हा फिरविली जाते. त्या गाळण्या धुळीचा कण अडवितात, द्रावकांची वाफ अडवीत नाहीत. चकती सुरक्षित राहते. श्वास घेणारीच्या फुफ्फुसांतून रक्तात काय जाते, ते त्या गाळणीचे काम नव्हे.

काय जाते ते मात्र गेली चाळीस वर्षे ठाऊक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील हडसन येथे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा संगणकाच्या सूक्ष्म चकत्यांचा कारखाना होता. तेथील कामगारांतच कुजबूज सुरू झाली की गरोदर राहिलेल्या मैत्रिणींचे गर्भ फार वेळा वाया जात आहेत. कंपनीने, हे तिच्या पदरी पुण्य म्हणावे लागेल, विद्यापीठातील संशोधकांकडून तपास करवून घेतला. १९८६ च्या अखेरीस निष्कर्ष बाहेर आले आणि १९८८ साली ते रीतसर प्रसिद्ध झाले. या रसायनांशी संबंध न येणाऱ्या स्त्रियांत शेकडा १८ गर्भ गळत होते. चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने नक्षी उमटविण्याच्या विभागात तेच प्रमाण ३१ निघाले, आणि चकतीत अन्य मूलद्रव्ये मुरविण्याच्या विभागात ३९. तेथे काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या थोडी होती, म्हणून शंका काढणाऱ्यांना जागा होती आणि ती काढली गेली. मग अमेरिकेतील सेमीकंडक्टर उत्पादकांच्या संघटनेने चौदा कंपन्यांचा तपास कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे सोपविला आणि आयबीएम कंपनीने आपला स्वतंत्र तपास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाकडे. दोन्हींचे निकाल १९९२ साली हाती आले. पहिल्याने सांगितले की चकत्या घडविणाऱ्या दालनांत गर्भपाताचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. दुसऱ्यात, विशिष्ट द्रावकांशी सर्वांत जास्त संबंध येणाऱ्या स्त्रियांत तो जवळजवळ तिप्पट निघाला. तीन निरनिराळ्या तपासांची बोटे एकाच दिशेला वळली, आणि ती ग्लायकॉल ईथर या वर्गातील काही द्रावकांकडे. चकतीवर जो प्रकाशसंवेदी लेप देतात तो या द्रावकांत कालविलेला असे. प्राण्यांवरील प्रयोगांत त्यांचा गर्भावरील दुष्परिणाम याच्याही आधी दिसून आला होता.

अमेरिकेतील कंपन्यांनी ही द्रावके टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे मान्य केले. पण त्याच काळात एक दुसरीही गोष्ट घडत होती. कारखानेच पूर्वेकडे सरकत होते. दक्षिण कोरिया, तैवान, मलेशिया, पुढे चीन. धोक्याची माहिती मात्र त्या जहाजातून गेली नाही.

कोरियातील १९९५ सालची हकीकत आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात पूर्वी फ्रेऑनच्या जातीचे एक द्रावक वापरीत असत. पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला ते घातक, म्हणून आंतरराष्ट्रीय कराराने त्यावर बंदी आली. त्याच्या जागी दोन-ब्रोमोप्रोपेन नावाचे रसायन आणले गेले. ओझोन वाचला. पण थोड्याच महिन्यांत त्या विभागातील पंचवीस स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक जणींची मासिक पाळी ऐन तारुण्यात बंद पडली, कारण त्यांचे बीजकोशच निकामी झाले होते. आणि तेथील आठ पुरुषांपैकी बहुतेकांचे शुक्रजंतू घटले वा नाहीसे झाले. नवे रसायन आभाळाला अपाय करीत नाही एवढेच पाहिले गेले होते. माणसाला ते काय करते हे कारखान्यात वापरण्यापूर्वी कोणी तपासलेच नव्हते. तपास झाला तो या मुलींच्या देहांवर. पुरुषही त्यात सापडले, ही गोष्ट आम्ही जाणूनबुजून नमूद करीत आहोत. तिचे कारण पुढे येईल.

कोणी म्हणेल, हैदराबादेत चकत्या घडविल्या जात नाहीत, तेथे नुसती जुळवणी होते. हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. जुळवणीच्या कामात ग्लायकॉल ईथरची ती वाफ नसते. तेथे असतो डाक देताना निघणारा धूर, भाग पुसण्याची अल्कोहोले आणि अन्य द्रावके, चिकटवण्याचे लेप, आणि जुन्या पद्धतीच्या डाकात शिसे. शिसे आईच्या रक्तातून नाळेवाटे थेट गर्भात जाते हे वैद्यकाला फार जुने ठाऊक आहे. निर्यातीच्या मालात शिसे वापरण्यावर युरोपने २००६ पासून निर्बंध घातल्यामुळे मोठ्या कारखान्यांतून ते बरेच हटले. दुरुस्तीच्या आणि उपकंत्राटाच्या गल्ल्यांतून किती हटले, हे कोणीही जाऊन पाहावे. पुसण्याच्या द्रावकांचेही तसेच. चीनमधील सूचौ येथे स्पर्शपडदे करणाऱ्या एका कारखान्यात २००९ च्या सुमारास लवकर वाळते म्हणून अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन वापरले गेले आणि शंभराहून अधिक कामगारांच्या हातापायांच्या नसा दुखावल्या. पडदा पुसण्याचे कापड तेच, बाटली तेवढी बदललेली. काम करणाऱ्याला हा बदल कळण्याचा मार्गच नसतो.

रसायनांच्या जोडीला रात्रपाळी आहे. डेन्मार्कमध्ये सुमारे २३ हजार गरोदर नोकरदार स्त्रियांच्या नोंदींवरून २०१९ साली असे दिसून आले की ज्या आठवड्यात दोन वा अधिक रात्रपाळ्या झाल्या, त्याच्या पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार कामगार संहिता अमलात आल्या, त्यांनी स्त्रीला तिच्या संमतीने सर्व प्रकारच्या आस्थापनांत रात्रपाळीची मुभा दिली आहे. समानतेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच. पण वसतिगृहाच्या खोलीत आठ-दहा जणींबरोबर राहणाऱ्या, ठेकेदारामार्फत लागलेल्या विशीतल्या मुलीची संमती म्हणजे काय चीज असते, हे संहिता लिहिणाऱ्यांना ठाऊक नसावे असे आम्हांस वाटत नाही.

आता कायद्याकडे वळू. आपला कायदा गरोदर स्त्रीला काहीच देत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने दिलेले आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेने पुढे चालविलेले हक्क मोठे आहेत. २०१७ पासून रजाही सव्वीस आठवड्यांची झाली. त्याच कायद्यात गरोदर स्त्रीने मागणी केल्यास तिला कष्टाचे वा फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असेही कलम आहे. केव्हा? साधारणतः प्रसूतीपूर्वीच्या शेवटच्या दहा आठवड्यांत. आता देहाचे पंचांग पाहा. गर्भाचे हृदय, मज्जारज्जू, हातपाय यांची घडण होते ती गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. पाळी चुकली हे ध्यानी येईतो, मग घरी कोणाला सांगावे की न सांगावे या विचारात पडेतो, ही घडण बव्हंशी उरकलेली असते. द्रावकाची वाफ जो घाव घालायचा तो तेव्हाच घालते. कायद्याची छत्री उघडते ती पाऊस थांबून साडेचार महिने उलटल्यावर. ओझे उचलणाऱ्या, उभ्याने राबणाऱ्या स्त्रीचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून १९६१ साली हे कलम लिहिले गेले, त्या मंडळींना दोष देता येणार नाही. पण त्यानंतर साठ वर्षांनी संहिता नव्याने लिहिताना तेच कलम उचलून ठेवणाऱ्यांना कोणती सबब आहे?

दुसरी गोष्ट याहून गंभीर. कारखान्यात जडलेला कोणता रोग सरकारला कळविणे बंधनकारक आहे, त्याचे एक परिशिष्ट १९४८ च्या कारखाना कायद्याला जोडलेले होते आणि ते नव्या संहितेतही आले आहे. त्यात २९ रोग आहेत. शिशाची विषबाधा आहे, बेंझीनची आहे, सिलिकोसिस आहे, कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आहे, आवाजाने येणारा बहिरेपणा आहे. गर्भपात नाही. वंध्यत्व नाही. अकाली पाळी बंद पडणे नाही. जन्मतः व्यंग घेऊन आलेले मूल तर नाहीच नाही. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात जी रात्र झाली, तिच्यानंतर कारखान्याच्या एक किलोमीटरच्या परिसरात गरोदर असलेल्या ८६५ स्त्रियांची पाहणी करण्यात आली, तेव्हा त्यांतील शेकडा ४३ गर्भ जिवंत जन्माला आले नाहीत असे आढळले. त्या हाहाकारातून शहाणे होऊन १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही देण्याचे बंधन घातले गेले. परंतु त्या कायद्याच्या धोकादायक उद्योगांच्या यादीत इलेक्ट्रॉनिक्सचे नाव नव्हते. तो स्वच्छ उद्योग ना! शिवाय नव्या संहितेने यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीस कामगारांवर नेली, त्यामुळे डाक देण्याची लहान दुकाने त्या व्याख्येतून बाहेर पडली ती वेगळीच.

तेव्हा कायद्याच्या लेखी गर्भपात ही सहा आठवड्यांच्या पगारी रजेची बाब आहे. कामावर झालेली इजा नव्हे. यंत्रात बोट तुटले तर चौकशी होते. पोटातले वाया गेले तर अर्ज होतो.

मात्र या अर्जातच एक उपाय दडलेला आहे, आणि तो अंगावर येण्याइतका सोपा आहे. जुळवणीच्या पट्टीवर बसणाऱ्या बहुतेक मुली कामगार राज्य विमा योजनेत येतात, कारण २०१७ पासून तिची वेतनमर्यादा महिना २१ हजार रुपये आहे. गर्भपातानंतर सहा आठवड्यांचा लाभ घ्यायचा तर विमा कार्यालयात दाखला द्यावा लागतो, आणि प्रत्येक विमाधारकाच्या नोंदीला तिच्या मालकाचा क्रमांक जोडलेला असतो. म्हणजे कोणत्या कारखान्यातून असे किती अर्ज येतात, याचा कच्चा हिशेब सरकारी दप्तरात आपोआप साठत असतो. दर वर्षी कारखानावार एक तक्ता काढावा आणि तो प्रसिद्ध करावा. त्याला नवा कायदा नको, नवी इमारत नको, परदेश दौरा करणारी समिती नको. हडसनच्या कामगारांनी कुजबुजीतून जे हेरले ते हैदराबादेत एका कारकुनाला आकडेमोडीतून हेरता येईल. या तक्त्यात त्रुटी राहतील हे उघड आहे. अविवाहित मुलगी अर्ज करणार नाही. पहिल्या दोन महिन्यांतच वाया गेले तर विवाहितेलाही ती ‘पाळी उशिरा आली’ असेच वाटेल. ठेकेदाराने नोंद केली नसेल तर तिचे नावच सापडणार नाही. तरीही काळोख्या खोलीत एक पणती लावली तरी भिंत कोठे आहे एवढे दिसते.

ही घाई करण्यास तेलंगणात एक विशेष कारण आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत गर्भाशय काढून टाकलेल्यांचे प्रमाण देशभरात शेकडा ३.२ होते; तेलंगणात ७.७ आणि आंध्र प्रदेशात ८.९. कारखान्यांचा याच्याशी संबंध आहे असे आम्ही म्हणत नाही; या आकड्यांतील बहुसंख्य स्त्रिया खेड्यापाड्यांतील आहेत. पण ज्या मुलुखात पाळीची तक्रार घेऊन गेलेल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, पुढे कर्करोग होईल’ अशी भीती सहज घातली जाते, तेथे कारखान्यातून आलेल्या तक्रारीचेही तेच होणार. पिशवी गेली की पुरावाही गेला. आपल्या मराठी मुलुखाने हे जवळून पाहिले आहे. १९४८ पर्यंत याच हैदराबाद संस्थानात असलेल्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात, २०१९ साली झाली, तेव्हा त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम दंड कापतो, म्हणून पाळीच नको, असा हिशेब त्यामागे किती ठिकाणी होता हे त्या वेळी सर्वांनी वाचले. फडातील बाई आणि वातानुकूलित दालनातील मुलगी यांच्यात फार अंतर आहे असे दिसते. दोघींच्या शरीराकडे पाहण्याची मालकाची नजर मात्र एकच आहे.

येथवर वाचून एखादा सद्गृहस्थ म्हणेल: मग असल्या कामावर बायकांना घेऊच नये. नेमका हाच सापळा आहे, आणि त्याविषयी आम्हांस सर्वांत जास्त धास्ती वाटते. हडसनचा निष्कर्ष बाहेर पडताच १९८७ च्या आरंभी अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने गरोदर स्त्रियांना चकत्यांच्या विभागातून हलविले. हेतू चांगला असेल. पण द्रावक जागचे हलले नाही. त्याआधी १९७८ साली पश्चिम व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे अमेरिकन सायनामिड कंपनीच्या शिशाचे रंग करणाऱ्या विभागात ‘मूल होऊ शकेल अशी स्त्री नको’ असा नियम निघाला, तेव्हा नोकरी टिकविण्यासाठी पाच स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतल्या. कारखाना सुधारण्याऐवजी बाई ‘दुरुस्त’ झाली! विजेऱ्या करणाऱ्या जॉन्सन कंट्रोल्स कंपनीच्या अशाच नियमाविरुद्धचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९१ साली न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरविला. शिसे पुरुषाच्या बीजालाही अपाय करते, आणि कोरियातील त्या आठ पुरुषांची गोष्टही तेच सांगते. स्त्रीला बाहेर काढल्याने विष निर्विष होत नाही. मुकाट सोसणारा तेवढा बदलतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या बाबतीत मागे राहण्याचे कारण ठेवलेले नाही. मुंबईतील एका औषध कंपनीच्या बांधणी विभागात लग्न होताच मुलीची नोकरी संपुष्टात येत असे; तो नियम १९६५ साली न्यायालयाने मोडीत काढला. पहिल्याच गरोदरपणात हवाई सुंदरीला घरी पाठविण्याची एअर इंडियाची अट १९८१ साली रद्द झाली. असे असूनही २०२४ च्या जून महिन्यात रॉयटर्स वृत्तसंस्थेने बातमी दिली की तामिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या आयफोन कारखान्यात जुळवणीच्या कामावर विवाहित स्त्रियांना घेण्याचे टाळले जाते. कंपनीने आरोप नाकारला, नव्याने घेतलेल्यांत विवाहितांचेही प्रमाण बरेच असल्याचे सांगितले, आणि केंद्र सरकारने राज्याकडून अहवाल मागविला. त्याच कारखान्याच्या कामगार मुलींच्या वसतिगृहात २०२१ च्या डिसेंबरात अन्नातून विषबाधा होऊन १५९ जणींना इस्पितळात न्यावे लागले होते आणि मुली थेट महामार्गावर येऊन बसल्या होत्या. कोंगर कलानचा पाया त्याच समूहाने घातला आहे. तेलंगण सरकारने शेजारच्या राज्यातील अनुभव वाचावयास हरकत नसावी.

कोरियाने जे केले तेही वाचावे, कारण जो देश या धंद्यात सर्वांपुढे गेला त्यालाच शेवटी हिशेब द्यावा लागला. सॅमसंग कंपनीच्या चकत्यांच्या कारखान्यांतील मुली रक्ताच्या कर्करोगाने दगावू लागल्या, तेव्हा २००७ पासून त्यांच्या आप्तांनी आणि सहकाऱ्यांनी अकरा वर्षे झुंज दिली. २०१८ च्या नोव्हेंबरात कंपनीने जाहीर क्षमा मागितली आणि भरपाईची जी योजना मान्य केली तिच्यात कर्करोगांच्या जोडीला गर्भपात आणि कामगारांच्या मुलांचे जन्मजात विकारही आले. त्याच सुमारास जेजू बेटावरील सरकारी इस्पितळातील परिचारिकांनी आपल्या बाळांच्या हृदयदोषांबद्दल दाद मागितली होती. २०२० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की गर्भावर झालेला आघात हा आईवरचाच आघात होय आणि तो कामावरील इजाच मानला पाहिजे. त्यानुसार कायदा बदलला, २०२३ पासून अमलात आला, आणि २०२४ साली सेमीकंडक्टर कारखान्यात राबलेल्या स्त्रियांच्या मुलांना त्याखाली मान्यता मिळाली. यामुळे कोरियाच्या कारखान्यांना टाळे लागले असे कोणाच्या ऐकिवात नाही. ‘अटी घातल्या तर उद्योग पळून जातील’ ही आपल्या मंत्र्यांची लाडकी सबब येथे टिकत नाही.

हैदराबादेत काय व्हावयास हवे ते यावरून स्पष्ट आहे. पट्टीवर येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर तिच्यातील द्रव्याचे नाव आणि गर्भाला वा बीजाला असलेला धोका तेलुगू, हिंदी, उडिया अशा काम करणारीच्या भाषेत लिहिलेला असावा. व्यापारी गुपिताची ढाल येथे चालू देऊ नये. मूल हवे असे ठरविणाऱ्या स्त्रीला, आणि पुरुषालाही, कारण न विचारता व वेतन न कापता दुसऱ्या कामावर जाता यावे. गरोदरपणाचा दाखला हाती येईपर्यंत थांबावयास लावणे म्हणजे घात होऊ देणेच आहे. त्या २९ रोगांच्या परिशिष्टात प्रजननाच्या विकारांची भर पडली पाहिजे, आणि ते काम संसदेचे म्हणजे पर्यायाने आपण निवडून दिलेल्या खासदारांचेही आहे. विमा कार्यालयाच्या तक्त्याविषयी वर लिहिलेच आहे.

हैदराबादची चिंता गोव्याने का वाहावी असे कोणास वाटत असेल, तर त्याने पेडणे तालुक्यातील तुये येथे आखलेली इलेक्ट्रॉनिक्स वसाहत आठवावी. खाणी बंद पडल्यापासून आमची मुले-मुली कामाच्या शोधात आहेत आणि तुयेच्या माळावर त्यांना काम मिळावे असेच आम्हांस वाटते. ज्या घरांतील मुली तेथे जातील त्यांच्या आया आज हे वृत्तपत्र वाचीत आहेत. भूखंड देतानाच्या करारात दोन ओळी वाढविण्यास सरकारचा एक पैसाही खर्च होत नाही. कारखाने उभे राहून दहा वर्षे लोटल्यावर त्याच दोन ओळींसाठी मोर्चे काढावे लागतात. विधानसभेच्या येत्या अधिवेशनात कोणाही आमदाराने, तो कोणत्या बाकावर बसतो याला महत्त्व नाही, एवढाच तारांकित प्रश्न टाकावा: तुये येथे भूखंड मागणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून ती कोणकोणती द्रावके वापरणार आहे याची यादी सरकारने मागविली आहे काय, आणि मागविली असल्यास ती सभागृहाच्या पटलावर केव्हा ठेवणार?